शेपटीतला तोरा नाकात

आमच्या पुण्याच्या सोसायटीत सध्या पार्किंगवरून जुंपली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी नवी एसयूव्ही घेतली. तिचं नाक पिवळ्या पट्ट्याच्या दीड फूट बाहेर येतं आणि तळमजल्यावरच्या आजींना अंग चोरून जावं लागतं. मालकांचं उत्तर, "गाडीला रोड प्रेझेन्स नको का?" धाकट्या भावानं ग्रुपवरचं सगळं रामायण मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, हे खूळ तुमच्या अमेरिकेतलंच."

खरंय. फक्त इथं ते आधी शेपटीत होतं.

मी डेट्रॉईटजवळ राहतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. लोक घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. आम्हीही, दडपे पोह्यांचा डबा घेऊन. 1959 ची कॅडिलॅक समोरून जाते तेव्हा बोलणं थांबतंच. पावणेएकोणीस फूट लांब गाडी, मागच्या मडगार्डवर माशाच्या परांसारखे दोन उभे टेलफिन आणि प्रत्येकावर बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे. लग्नात हौसेनं बांधलेल्या फेट्याचा तुरा जरा जास्तच वर गेला की जसं दिसतं, तसं.

याची सुरुवात साधी होती. कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल, त्याच्या हाताखालच्या मंडळींनी पी-38 या लढाऊ विमानाची जोडशेपटी पाहिली आणि 1948 च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर त्याचा छोटासा उंचवटा काढला. पुढे चढाओढ लागली.

माझ्या मते त्यात जिंकला प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीचा डिझायनर व्हर्जिल एक्सनर. त्याची 1957 ची प्लिमथ बाजूनं बघा. छप्पर बसकं, आणि अंगाची रेषा मागे जाता जाता चढत शेपटीत संपते. टेलफिन झाकून बघा, गाडी अर्धवट वाटेल. कॅडिलॅकचे झाकले तर काही बिघडत नाही. टेलफिनमुळे वेगात गाडी स्थिर राहते, असं एक्सनर सांगायचा. असेलही, पण दुकानापर्यंत दूध आणायला जाताना काय उपयोग! शिवाय घाईत बाजारात आणलेल्या त्या गाड्या लवकर गंजल्या, हेही इथले म्हातारे शौकीन न विचारता सांगतात.

1956 च्या ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सचा डिझायनर चक जॉर्डननं क्रायस्लरच्या कारखान्याच्या कुंपणातून एक्सनरच्या त्या नव्या प्लिमथ उभ्या असलेल्या पाहिल्या. परत येऊन त्यानं सहकाऱ्यांनाही बघायला पिटाळलं आणि 1959 ची सगळी मॉडेलं नव्यानं आखली गेली. वर सांगितलेला तुरा हा त्या धसक्याचा. 1961 ची सरळसोट लिंकन कॉन्टिनेंटल आली आणि हवा बदलली. 1965 मध्ये कॅडिलॅकनंही टेलफिन उतरवले.

आपल्याकडे मात्र ते राहिले. कुर्ल्यात बनलेल्या, मुळात फियाट असलेल्या पद्मिनीच्या मागे बघितलंय कधी? इवलेसे, तळहाताखाली मावतील एवढे. दादरला बाबा टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायचे तेव्हा मी त्या काळ्या उंचवट्यावर हात ठेवून उभा असायचो. उन्हात चटका बसायचा. 2023 च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सी मुंबईतून गेल्या, आणि तेवढ्यापुरते सगळे हळहळले.

आता तोच तोरा पुढे आलाय, बॉनेटवर आणि जाळीवर. मला हे जास्त वाईट वाटतं. टेलफिन निदान गाडीच्या मागे असायचे. इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये मांडलं, की 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त असते. सोसायटीतल्या वादात दीड फुटाइतकंच उंचीवरही बोललं पाहिजे, असं भावाला लिहायला घेतलं.

मग टेप घेऊन खाली गेलो आणि आमचीच गाडी मोजली. 41 इंच. निरोप अजून पाठवलेला नाही.