तिच्या आयुष्याचा निवाडा कोणी करायचा?

अमेरिकन लेखिका केट शोपॅन यांची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही कथा जेमतेम हजार शब्दांची आहे. लुईस मॅलर्डचे हृदय नाजूक, म्हणून रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी तिला जपून सांगितली जाते. ती बहिणीच्या मिठीत रडते, मग खोलीत जाऊन दार लावून घेते, आणि उघड्या खिडकीपाशी बसल्यावर तिला हळूहळू उमगते की यापुढची वर्षे केवळ तिची स्वतःची असणार आहेत. तासाभराने नवरा धडधाकट दारात उभा राहतो, कारण तो अपघाताच्या जागी नव्हताच, आणि लुईस जागीच कोसळते. अतीव आनंद तिच्या हृदयाला सोसला नाही, असे डॉक्टर सांगतात. बंद खोलीत काय घडले हे वाचकाला ठाऊक आहे. घरच्यांसाठी मात्र डॉक्टरांचे वाक्य हेच कायमचे सत्य ठरते.

१८९४ साली 'व्होग' या नियतकालिकात छापलेल्या या कथेतला नवरा दुष्ट नाही. त्याने बायकोकडे प्रेमाखेरीज दुसऱ्या नजरेने कधी पाहिले नव्हते, असे शोपॅन स्पष्ट लिहितात. म्हणूनच या काळातल्या अमेरिकन कथांना नुसत्या 'छळाच्या कथा' म्हटलेले मला पटत नाही. माझ्या वाचनात त्यांचा खरा प्रश्न असा आहे की, स्त्रीच्या आयुष्यात काय घडले हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे. तो डॉक्टरकडे असतो, नवऱ्याकडे असतो, सरकारी वकिलाकडे असतो. ज्या बाईच्या बाबतीत ते घडले तिच्याकडे तेवढा नसतो.

शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या १८९२ सालच्या 'द यलो वॉलपेपर'मध्ये नवरा आणि डॉक्टर ही एकच व्यक्ती आहे. बाळंतपणानंतर खचलेल्या बायकोला जॉन हवापालटासाठी एका जुन्या वाड्यात नेतो आणि खिडक्यांना गज असलेल्या वरच्या खोलीत ठेवतो. तुला काही झालेले नाही, थोडा मनाचा अशक्तपणा आहे, असे तो पुनःपुन्हा लाडाने समजावतो आणि तिचे लिहिणे बंद करतो. ती लपून लिहिते, त्याची चाहूल लागताच कागद दडवते, आणि अखेरीस भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीआड तिला एक अडकलेली बाई दिसू लागते. यात गिलमन यांचा स्वतःचा अनुभव आहे. १८८७ साली फिलाडेल्फियाचे प्रख्यात डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी त्यांच्यावर विश्रांतीचा उपचार केला होता: अंथरुणावर पडून राहायचे, भरपूर खायचे, एकटे राहायचे. घरी पाठवताना त्यांनी बजावले की बौद्धिक काम दिवसाला फार तर दोन तास करावे आणि जन्मात पुन्हा लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल हाती धरू नये. कथेत मिचेल यांचे नाव सरळ घेतलेले आहे.

याच फिलाडेल्फियात, आदल्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. एकाच शहरात एका बाईच्या हाती वैद्यकाची पदवी येते आणि दुसरीच्या हातातून वैद्यकाच्याच नावाने लेखणी काढून घेतली जाते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. (गिलमन यांची वंशाविषयीची मते मात्र उघडपणे भेदभावाची होती, आणि त्यांचा गौरव करताना हे गाळणे मला अप्रामाणिक वाटते.)

या सगळ्यांत मला सर्वांत थोर वाटते ती सूझन ग्लास्पेल यांची १९१७ सालची 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स'. शेतकरी जॉन राइट रात्री गळ्याला दोर आवळून मारला गेला आहे. शेजारी झोपलेली त्याची बायको मिनी म्हणते की मला जाग आली नाही. ती तुरुंगात आहे. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, आणि सरकारी वकील खुनामागचे कारण शोधत वरची खोली आणि गोठा धुंडाळतात. स्वयंपाकघरात नुसती भांडीकुंडी आहेत, असे म्हणून ते पुढे जातात. तिथे थांबतात त्या शेजारीण मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स. त्यांना अर्धवट पुसलेले टेबल दिसते, थंडीने फुटलेल्या मुरांब्याच्या बरण्या दिसतात, गोधडीच्या एका तुकड्यावरचे एकाएकी वेडेवाकडे झालेले टाके दिसतात, आणि शेवटी शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी सापडतो. एकेकाळी गाणाऱ्या मिनीच्या त्या मुक्या घरात तेवढाच एक आवाज होता, आणि तो नवऱ्याने संपवला असणार. पुरुष शोधत आहेत तो पुरावा या दोघींच्या हातात असतो आणि त्या तो लपवतात. त्यांनी कायदा मोडला हे मला मान्य आहे. पण मिसेस हेल स्वतःलाही सोडत नाहीत: इतकी वर्षे मी तिच्याकडे फिरकले नाही, हाही गुन्हाच आहे, त्याची शिक्षा कोण देणार, असे त्या विचारतात. सहानुभूतीबरोबर स्वतःवरचा हा आरोप नसता, तर कथा इतकी खोल गेली नसती.

कथेला खऱ्या घटनेचा आधार आहे. डिसेंबर १९०० मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात इंडियानोलाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला आणि त्याची बायको मार्गारेट हिच्यावर खटला चालला. तरुण ग्लास्पेल वार्ताहर म्हणून तिथे होत्या, आणि कोठडीत असलेल्या त्या बाईच्या स्वयंपाकघरात गेल्याची आठवण त्यांना पुढे कधी विसरता आली नाही. पहिल्या खटल्यात दोषी ठरलेल्या मार्गारेटचा निकाल वरच्या न्यायालयाने रद्द केला, दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचे, म्हणजे निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, एकमत झाले नाही आणि ती सुटली. दोन्ही वेळा ज्यूरीत एकही स्त्री नव्हती, कारण आयोवात स्त्रियांना तो हक्कच नव्हता. आरोपीला आपल्या बरोबरीच्या लोकांकडून न्याय मिळावा हे तत्त्व कथेच्या शीर्षकात आहे. प्रत्यक्षात ते स्वयंपाकघरातल्या दोघींनीच पाळले. हा प्रश्न पुढेही फार काळ राहिला. फ्लोरिडातल्या एका बाईला नवऱ्याच्या खुनासाठी केवळ पुरुषांच्या ज्यूरीने दोषी ठरवले होते, आणि स्त्री ही अजूनही घरसंसाराचे केंद्र मानली जाते, असे म्हणत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली, स्त्रीने स्वतःहून नाव नोंदवले तरच तिला ज्यूरीसाठी बोलावण्याचा तिथला नियम वैध ठरवला. ती भूमिका बदलायला १९७५ साल उजाडावे लागले.

पण एखादीचे दुःख समाजाला नीट वाचता आले म्हणजे भागते असेही नाही, हे झोरा नील हर्स्टन यांच्या १९२६ सालच्या 'स्वेट'मध्ये दिसते. डीलिया पंधरा वर्षे गोऱ्यांचे कपडे धुऊन घर उभे करते, नवरा साइक्स तिला मारतो आणि तिच्याच कमाईवर दुसरी बाई ठेवतो. दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांना हे सारे स्पष्ट दिसते. ऊस चोखून चोथा फेकावा तसे काही पुरुष बायकोचे करतात, असे त्यांच्यातलाच एक जण बोलतो. साइक्सला ठार मारलेच पाहिजे, यावर सगळ्यांचे एकमत होते. मग उकाडा फार आहे म्हणून कलिंगड कापायचे ठरते, आणि डीलियाचा विषय तिथेच सुटतो.