क्रूस खरंच अंखावरून उचलला का?

एक चित्र सध्या सगळीकडे फिरतंय. डावीकडे इजिप्तचं अंख, म्हणजे वर फास असलेलं 'जीवन' या अर्थाचं चिन्ह. उजवीकडे क्रूस. खाली ओळ: 'क्रॉस म्हणजे अंखच. कॉन्स्टंटाईनने तो उचलला, त्याआधी ख्रिश्चनांकडे क्रॉस नव्हताच.'

रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनचं आधी उरकू, ते सोपं आहे. क्रुसाच्या खुणेखाली तो लढला असं सांगतात, ती त्याची गाजलेली लढाई 312ची. त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधी उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहून गेलाय की आम्ही घरात येता-जाता, जोडे घालताना, दिवे लावताना कपाळावर क्रुसाची खूण करतो.

'क्रॉस म्हणजे अंखच'? क्रूस ही रोमन लोकांची माणूस मारायची पद्धत होती. 1968 साली जेरुसलेमजवळच्या थडग्यात टाचेचं एक हाड सापडलं, खिळा त्यात तसाच अडकलेला. रोमच्या पॅलाटाईन टेकडीवर साधारण 200च्या सुमारास कुणीतरी भिंतीवर गाढवाच्या डोक्याचा माणूस क्रुसावर ओरबाडला आणि लिहिलं, अलेक्सामेनोस देवाला भजतोय. टवाळीच ती. पण ख्रिस्ती माणूस म्हटला की क्रूस, हे टवाळखोरालाही तेव्हा ठाऊक होतं.

फास मात्र खरोखर दिसतो, आणि तोही इजिप्तमध्येच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एका जुन्या पपायरसवर 'स्तावरोस' म्हणजे वधस्तंभ हा ग्रीक शब्द लिहिताना ताउ (T) आणि ऱ्हो (P) ही अक्षरं एकमेकांत घातली आहेत. बहुतेक अभ्यासक तो 200च्या आसपासचा मानतात. आडव्या दांडीवर डोकं टेकलेला माणूसच जणू. वरचा गोल ऱ्होचा आहे, अंखाचा नाही.

आता फॉरवर्डमधलं अर्धसत्य. इजिप्तच्या ख्रिस्त्यांनी अंख पुढे खरंच आपलंसं केलं. 391च्या सुमारास अलेक्झांड्रियाचं सेरापिस या जुन्या देवाचं देऊळ पाडताना दगडांवर क्रुसासारखी अक्षरं निघाली. इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, पाचव्या शतकातला) सांगतो की ख्रिस्ती आणि जुन्या देवांचे भक्त, दोन्ही बाजूंनी त्यांवर हक्क सांगितला. नुकतेच ख्रिस्ती झालेले, ती लिपी जाणणारे काही जण म्हणाले, याचा अर्थ 'येणारं जीवन'. म्हणजे क्रूस हातात आधीच होता, अंखाची ओळख नंतर पटली. चित्रवाल्यांनी क्रम उलटा लावला.

इजिप्तमधल्या फिली बेटावरच्या इसिस देवीच्या मंदिरात सहाव्या शतकात ख्रिस्त्यांनी भिंतींवर क्रूस कोरले. त्याच देवळात देवतांच्या हातात अंख आहेत. समोर नमुना असताना त्यांनी कोरले ते चारही भुजा सारख्या असलेले, फास नसलेले क्रूस.