बडोद्यातील तो प्रसंग मालिकेने रचलेला नाही

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकांनी बडोद्याची बदनामी केली, अशी तक्रार करणारा एक लांबलचक संदेश सध्या येथील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मालिकेच्या आरंभी 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' अशी सूचना निर्मातेच देतात, म्हणून बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही हा भागही रचलेलाच असणार. सयाजीराव महाराजांसारख्या सुधारकाच्या राज्यात असे घडणे शक्यच नव्हते. आणि खरी हकिकत एवढीच, की महाराजांच्या पैशावर परदेशी शिकून आलेल्या तरुणाने दहा वर्षांच्या नोकरीचा करार मोडला आणि उपकार विसरला.

सूचनेचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. रोज वीस-बावीस मिनिटे भरायची असलेल्या मालिकेत संवाद लेखकच लिहितो, दोन दिवसांच्या घटनेचे सहा भाग होतात, नोंद नसलेली पात्रेही येतात, आणि सूचना द्यावी लागते ती या सगळ्यासाठी. एखादा प्रसंग खरा की खोटा, हे त्या सूचनेवरून नव्हे, तर मूळ साधनांवरून ठरते. येथे मूळ साधन खुद्द बाबासाहेबांचे आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली प्रसिद्ध केले, आणि त्यात बडोद्याचा वृत्तान्त इतक्या बारकाईने आला आहे की मालिकेच्या लेखकाला पदरचे फारसे घालण्याची गरजच पडू नये.

1917 साली परदेशातून परतल्यावर ते बडोद्याच्या सेवेत रुजू व्हायला आले, तेव्हा हिंदू खाणावळीत जात विचारली जाईल या भीतीने त्यांनी पारशी धर्मशाळा गाठली. तेथेही फक्त पारशांनाच प्रवेश होता. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोज दीड रुपया द्यायचा, या बोलीवर रखवालदाराने त्यांना वरच्या मजल्यावरची लहानशी खोली दिली. शेजारच्या मोठ्या दालनात मोडके सामान भरलेले होते, विजेचा दिवा नव्हता, आणि रात्री रखवालदाराने आणून दिलेल्या कंदिलावरच भागवावे लागे. संस्थानाचा बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले आणि धर्मशाळा बाटवल्याचा आरोप करून संध्याकाळपर्यंत चालते होण्यास त्यांनी बजावले. आदल्या रात्री वाचनालयातून आणलेली पुस्तके परत करण्यासाठी बाबासाहेब त्या वेळी गोळा करत होते. 1910 पासून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारणाऱ्या याच राज्यात ज्याला पुस्तक मिळत होते त्याला खोली मिळत नव्हती, आणि 'पुरोगामी राज्यात असे घडूच शकत नाही' या दाव्याला याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही.

या दाव्यात राजाचे धोरण आणि प्रजेची वागणूक एकच मानली गेली आहे. सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, 1906 साली प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात सक्तीचे केले आणि मार्च 1918 मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपदही स्वीकारले. पण त्याच अस्पृश्यांच्या शाळांवर सवर्ण हिंदू शिक्षक जायला तयार होईनात, म्हणून मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले, हीसुद्धा बडोद्याच्याच इतिहासातील गोष्ट आहे. कचेरीतील शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर कागदपत्रे लांबून फेकत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. हे शिपाई महाराजांच्याच पगारावर होते.

मालिकांवर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो वेगळ्या ठिकाणी घ्यावा, असे मला वाटते. काठ्या घेतलेला जमाव पडद्यावर चांगला दिसतो. पण त्या दिवशी बाबासाहेबांचा आसरा खऱ्या अर्थाने संपवला तो दोन मित्रांच्या सभ्य नकारांनी. हिंदू मित्र म्हणाला, की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नी परगावाहून येईपर्यंत थांबा असे सुचवले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण होते, आणि धर्मांतरानंतरही पत्नीचे सोवळे सुटलेले नव्हते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. अस्पृश्यता संपवण्याची प्रतिज्ञा त्यांनी तेथे केली असे मानून त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो, परंतु आत्मकथनात प्रतिज्ञेचे वाक्य नाही. एकाकी पडलेल्या मुलाला यावी तशी आईवडिलांची आठवण आली, एवढेच तिथे लिहिले आहे. त्या बागेत पार्श्वसंगीतासह घणाघाती प्रतिज्ञा ऐकवली गेली, तर ती नाटककाराची भर आहे असे खुशाल म्हणावे; धर्मशाळेविषयी तसे म्हणता येणार नाही.

उरला करार. 4 जून 1913 रोजी त्यांनी सही केलेल्या करारात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची सेवा करण्याची अट होती, हे संदेशात बरोबर आहे. पण तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची ती शिष्यवृत्ती याच अटीवर दिलेली होती. तिला केवळ दान म्हणणे आणि त्याच दमात अट मोडल्याचा जाब विचारणे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. शिवाय ज्याला लष्करी सचिव म्हणून नेमले त्याच्या डोक्यावर छप्पर देणे संस्थानाला जमले नाही, हे त्या हिशेबात धरावे लागेल. उपकार विसरल्याचा आरोप तर छापील कागदावरच खोटा ठरतो. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध 1925 साली ग्रंथरूपाने निघाला, आणि शिक्षणासाठी मिळालेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून बाबासाहेबांनी तो अर्पण केला आहे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना.