कमी व्हई ऱ्हायनं!

इंग्रजी शिकवणाऱ्याच्या कपाळी जे भोग लिहिलेले असतात, त्यात ‘ड्विंडल’चा नंबर बराच वर लागतो. कुठलंही गाइड उघडा, ओळ ठरलेली: ड्विंडल म्हणजे कमी होणे, समानार्थी शब्द डिक्रीज, डिमिनिश, डिक्लाइन, वेन, अबेट, सबसाइड, रिसीड, श्रिंक, टेपर. शब्द दहा, अर्थ एकच. पोरं ती ओळ घोकतात आणि ‘माझा ताप ड्विंडल झाला’ असं पेपरात लिहून मोकळी होतात. तपासताना माझा मात्र चढतो.

आणि हे घडतं कुठे, तर खान्देशात! इथे मार्च लागला की विहीर आटते, नदी रोडावते, गुरं खंगतात. पुढे पावसाळ्यात पूर ओसरतो, ताप उतरतो. विहीर ‘उतरली’ आणि ताप ‘आटला’ असं इथली निरक्षर आजीसुद्धा म्हणणार नाही. तिचाच नातू इंग्रजीच्या पेपराला बसला की सगळ्यावर ‘कमी व्हई ऱ्हायनं’चा एकच रंधा फिरवतो.

माझा धोशा एवढाच असतो, बाबा रे, आधी बघ, कमी काय होतंय? साठा, जोर, उंची की आकार? आणि कुणी करतंय, की आपसूक होतंय?

ड्विंडल हे साठ्याचं आणि संख्येचं क्रियापद. थोडं थोडं सरत, शेवटी नावापुरतं उरणं. हिवाळ्यात केळीच्या बागेत भरीत पार्टी असते, तिथली कळण्याच्या पुऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पंगतीला हातभर उंच, तिसऱ्या पंगतीला तळाशी चार पुऱ्या. त्या पुऱ्या ड्विंडल झाल्या. कुणी केल्या, हे विचारायचं नाही, कारण या क्रियापदाला कर्म चालत नाही. ‘वी ड्विंडल्ड द पुरीज’ चूक; पुऱ्या आपल्या आपण ड्विंडल होतात. निधी कुठे गेला याचा अहवाल लिहिणाऱ्याला याहून सोयीचं क्रियापद मिळायचं नाही. ‘फंड्स ड्विंडल्ड’. संपलं, चौकशी बंद.

‘रिड्यूस’चा स्वभाव उलटा, त्याला करणारा लागतो. ‘द स्टॉक इज रिड्यूसिंग’ हे आपल्या कार्यालयांचं लाडकं वाक्य; तिथे ‘डिक्रीजिंग’ हवं, नाहीतर ‘ड्विंडलिंग’. ‘डिमिनिश’ दोन्ही डगरींवर हात ठेवून असतं, कर्म असो वा नसो.

खरी परीक्षा धरणावर. गिरणा धरण उभं आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. पण ते रिकामं झालं की घसा कोरडा पडतो जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याचा. तिथे मे महिन्यात एकाच पाण्याला वेगवेगळी क्रियापदं लागतात. साठा ड्विंडल होतो. पातळी ‘ड्रॉप’ किंवा ‘फॉल’ होते. पाण्याची कड मागे हटते, ती ‘रिसीड’; आणि ती हटली की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, म्हणजे रिसीड झाल्यावर पीक मिळतं, ड्विंडल झाल्यावर टँकर. यावल-रावेरकडे केळीखालचं भूजल ‘डिप्लीट’ होतं. डिप्लीटला उपसणारा लागतो, म्हणून ‘इज बीइंग डिप्लीटेड’ लिहावं. हे वाक्य बागायतदारांना फारसं आवडत नाही.

इथेच ‘टू’ आणि ‘बाय’ची खोडी आहे. साठा ६० टक्के होता. तो ‘टू ट्वेंटी’ घसरला तर वीसच उरले. ‘बाय ट्वेंटी’ घसरला तर चाळीस शिल्लक. (काटेकोर माणूस दुसऱ्या ठिकाणी ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणेल. बाकीच्यांनी निदान टू आणि बाय सांभाळावं.) डिक्रीजला दोन्ही चालतात, ड्विंडलशी ‘टू’चं जमतं, ‘बाय’ तिथे अवघडून बसतो.

‘अबेट’ जोराचं: वारा, पाऊस, वेदना, ऊन. भुसावळचा पारा ४५च्या पुढे गेला की ‘द हीट अबेटेड’ लिहायला जून उजाडावा लागतो. वर आलेलं खाली बसलं की ‘सबसाइड’: पुराचं पाणी, सूज, ताप, हशा, खचणारी जमीनसुद्धा. धुळ्यात पांझरेला पूर आला तर आधी पाऊस अबेट होतो, मग पाणी सबसाइड होतं. ‘वेन’ मूळची चंद्राची, वद्य पक्षातली. पुढे ती लोकप्रियतेला, प्रभावाला, उत्साहाला लागली. पुढारी वेन होत नाही, त्याचा प्रभाव होतो. पुढारी आहे तेवढाच राहतो, कधी कधी वाढतोही.

ओला थापलेला बिबडा (ज्वारीचा पापड) गच्चीवर वाळून कडेनं वळला, आखडला की ‘श्रिंक’. भूतकाळी ‘श्रँक’, ‘हॅज’नंतर ‘श्रंक’. ‘श्रिंक्ड’ लिहिणाऱ्याला वाटीभर तेल देऊन ते बिबडे तळायला बसवावं.

‘टेपर’ म्हणजे निमुळतं होत जाणं. स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम न थांबवता डॉक्टर मात्रा पायरीपायरीनं उतरवतात, ते टेपर. २०१३ साली अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, रोखे-खरेदी टेपर करण्याचं नुसतं सूतोवाच केलं, तर जगभरच्या बाजारांनी हाय खाल्ली आणि ऑगस्टमध्ये आपला रुपया डॉलरला ६८च्या पलीकडे गेला. एवढी ताकद ‘कमी होणे’मध्ये नाही.

‘डिक्लाइन’ला जपून. ‘ग्रँडफादर्स हेल्थ डिक्लाइन्ड’ म्हणजे आजोबांची प्रकृती ढासळली; नुसतं ‘ग्रँडफादर डिक्लाइन्ड’ म्हणजे आजोबांनी नकार दिला. बहुधा शेवभाजीच्या तिसऱ्या वाटीला. पण खान्देशात तो नकार मानतं कोण!

राहिला ‘पीटर आऊट’. ‘सर, हा पीटर कोण?’ हा प्रश्न दर बॅचला येतो. कुणी नाही. अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या बोलीतला प्रयोग. खनिजाची शीर बारीक होत होत संपली की म्हणत. आपल्याकडे तो नव्या बोअरला चपखल बसतो. पहिल्या दिवशी दोन इंची धार, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मग दीड इंच, मग करंगळीएवढी, मग नुसता फुसफुस वारा. ‘द वॉटर पीटर्ड आऊट’. बोअरवाल्याचं बिल मात्र फुटावर असतं, त्याला यातलं एकही क्रियापद लागू होत नाही.