बाबांनो, गिटार यामाहाची घ्या की!

गिटार घेणाऱ्या आमच्या मंडळींना सांगून सांगून घसा बसला माझा. मिरजेत तंबोरा घ्यायचा असला की हीच मंडळी भोपळ्यावर टिचक्या मारून बघतात, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झणकार, मनासारखी लागेपर्यंत कारागिराला उठू देत नाहीत. २०२४ला तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तर स्टेटस ठेवून मिरवले सगळे. आणि गिटार घेताना? ‘रंग भारी आहे, कव्हर फुकट दिलं!’

अरे, बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची धातूची पट्टी) तार एवढी उंच की खालून पेन्सिल जाईल. एफ कॉर्डचा बार धरताना, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना, तर्जनीचं भरीत होतं. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ऐन कडव्यात जी सुराची तार उतरते आणि निवेदक विनोद सांगत वेळ मारून नेतो.

म्हणून म्हणतो, यामाहाची एफ-३१० घ्या. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिलिमीटर, तारांना ताण जरा कमी, बोटांना सुख. तर म्हणे, ‘ती आरएक्स मोटरसायकलवाली ना?’ लेका, १८८७ला ऑर्गन दुरुस्त करण्यातून सुरू झालेलं नाव ते, मोटरसायकल १९५५ची! तुझ्या गाडीच्या टाकीवर पण ट्यूनिंग फोर्कच (सूर जुळवायचे काटे) आहेत, बघ जाऊन.

परवा एकाला पटलं. दुकानात गेला आणि भलतीच निळी चकचकीत घेऊन आला. मेव्हण्याच्या ओळखीत स्वस्त बसली म्हणे.