लाइन आली, मोटर सुरू

आमच्या काकाजींनी विहिरीवरच्या मोटरीला 'ऑटो' बसवला आहे. शेतीची लाइन कधी रात्री बाराला येते, कधी अडीचला. काकाजी इकडे घोरत असतात आणि तिकडे मोटर आपोआप सुरू होऊन तुरीला पाणी चाललेलं असतं. त्या ऑटोकडे पाहूनच गावाच्या वेबसाइटचा मेनूही असाच आपोआप चालवायची मला अवदसा आठवली.

गावाची वेबसाइट मी करतो. 'पोट्टा पुण्याले कॉम्प्युटरवर होता' एवढ्याच भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. मानधन म्हणजे ग्रामसभेच्या दिवशी एक कट चहा. पानं साधी, प्रत्येकाच्या डाव्या अंगाला मेनू. ग्रामपंचायतीच्या सचिवांनी पोळ्याचे फोटो एका नव्या फोल्डरात टाकले की त्या फोल्डरचं नाव मी एकूण एक पानाच्या मेनूत हातानं लिहायचो. पानं सव्वीस. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे पुन्हा नवा फोल्डर, पुन्हा सव्वीस पानं.

मग पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सोळा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. कोणी पान उघडलं की सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली आहे तो कॉम्प्युटर, आधी ही स्क्रिप्ट चालवतो. तिच्यातलं 'स्कॅनडिर' नावाचं फंक्शन फोल्डरात डोकावतं, आत जे जे आहे त्याची अक्षरांच्या क्रमानं यादी करतं, त्या यादीचा मेनू होतो आणि मग पान रवाना. सचिवांनी फोल्डर टाकला की नाव आपोआप मेनूत. लाइन आली, मोटर सुरू.

पहिल्या दिवशी मेनूत सगळ्यात वर एक टिंब उमटलं. त्याखाली दोन टिंबं.

"ह्या टिकल्या कायच्या बे?" काकाजींनी विचारलं.

एक टिंब म्हणजे फोल्डर स्वतः आणि दोन टिंबं म्हणजे त्याचा बाप, ज्याच्या पोटात हा फोल्डर आहे तो. स्कॅनडिर हे दोघं मोजल्याशिवाय पुढे सरकतच नाही.

"म्हंजे पंगतीत पोट्ट्यायच्या आंधी बाप बसून रायला," काकाजी म्हणाले. बापलेकांना मी उठवलं. एका ओळीचं काम.

त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरांतले 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' आणि 'थंब्स डॉट डीबी'. हा तिसरा म्हणजे सचिवांच्या जुन्या विंडोजनं फोटोंबरोबर गुपचूप आणून सोडलेला पाहुणा. तोही हाकलला. पण मेनूच्या मध्यावर 'नातवाचं जावळ' असा एक फोल्डर होता, तो मला दिसायच्या आधी गावाला दिसला. सचिवांनी घरचे फोटो चुकून तिथे ठेवले होते. स्क्रिप्टला घरचं-सरकारी कळत नाही. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव सचिवांना विचारत होतं, "कावून जी, जावळाच्या जेवनाले आमाले सांगतलं नाई?" सचिव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ती यादी स्क्रिप्टनं केली, मी नाही, हे त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगणार?

पण खरा घोळ पुढेच होता. टिंबं गेली, इंग्रजी गेलं, आणि मेनूत पहिल्या नंबरावर आलं 'क्षयरोग तपासणी शिबिर'.

आपण शाळेत क्ष शेवटी घोकला. क्षत्रियाचा. वर्णमालेची पार शेपटी. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र क्ष असं अक्षरच नाही. तो क, पाय मोडायची हलन्त खूण आणि ष अशी फोड करतो आणि क्ष ला क च्या घरात राहायला पाठवतो. तसाच ज्ञ ज च्या घरी. ळ तर ह च्या मागून उठून ल आणि व च्या मध्ये जाऊन बसतो. गावाच्या मेनूत स्वरानं सुरू होणारं काही नव्हतं, क चंही दुसरं काही नव्हतं. ग्रामसभा, देवस्थानं, शेताकडे जाणारे पांदण रस्ते, पोळा, शाळा या सगळ्यांच्या डोक्यावर क्षयरोग.

त्याच आठवड्यात चुलतभावाच्या सोयरिकीचे पाहुणे मोर्शीकडून यायचे होते. आजकाल पाहुणे आधी मोबाइलवर गाव पाहतात. मुलीच्या मामाचा फोन आला. सुरुवातीला पावसाचं बोलले, मग कपाशीचं, मग हळूच म्हणाले, "गावात तब्येतीपान्याचं बरं हाय ना जी?"

काकाजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवता जेवता उठून लॅपटॉप उघडला.

हे पीएचपी रासमस लेरडॉर्फ नावाच्या माणसानं १९९५ मध्ये जगापुढे ठेवलं. मूळचं त्याच्या स्वतःच्या वेबपानासाठी केलेलं, पान कोण पाहून गेलं ते टिपायला. माणूस जन्मला ग्रीनलंडमध्ये. विदर्भात सोयरिकी कशावरून फिसकटतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

उपाय सोपा होता. फोल्डरच्या नावाआधी आकडा लावायचा आणि दाखवताना तो कापून टाकायचा. पण पांदण रस्त्यांना आधीपासूनच आकडे होते, आणि ते पांदण १, पांदण १०, पांदण ११, पांदण २ असे लागले होते. कारण स्क्रिप्ट आकडा वाचत नाही, अक्षरं वाचते, आणि तिला १० मधला १ आधी दिसतो. यावर 'नॅटसॉर्ट' नावाचं औषध आहे, ते माणसासारखं मोजतं. मी मोठ्या ऐटीत लावलं. क्रम जागचा हलला नाही. नॅटसॉर्टला इंग्रजी आकडेच तेवढे कळतात, आपले देवनागरी आकडे त्याला अक्षरंच वाटतात.

मग एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावलं. ०१, ०२. दुसऱ्या दिवशी पांदण दोनचे तिघं जण दारात. "आमच्या पांदनीले सुन्य कावून? बजेट नाई का?" पांदण तीनवाल्यांना शून्याचं काही वाटलं नाही, ते मात्र आपली पांदण पांदण दोनच्या खाली का, हे विचारायला आले.

मुख्य मेनूचे आकडे ठरवायला ग्रामसभा बसली. सप्ताहाच्या पत्रिकेवर कोणाचं नाव वर, यावरून ज्या गावात दोन गट पडतात, तिथे ०१ नंबर कोणाला द्यायचा हा प्रश्न चहावर मिटणारा नव्हता. मारोतीवाले म्हणाले देवस्थानं, शाळेवाले म्हणाले शाळा. शेवटी ठरलं की दर महिन्याला पाळी फिरवायची.

म्हणून एक तारखेला रात्री मी फोल्डरांची नावं बदलत बसतो. हातानं. नाव बदललं की व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या जुन्या लिंका मरतात, मग त्या नव्यानं पाठवायच्या. देवनागरी नावाची लिंक पाठवताना एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात, टक्क्यांच्या खुणांसकट. नुसती 'ग्रामसभा' बहात्तर अक्षरांची. मागच्या महिन्यात ती लिंक पाहून सरपंचांनी मला फोन केला, बँकेचा फ्रॉड आला म्हणून.

परवा रात्री असाच बसलो होतो. अडीचला लाइन आली, काकाजींची मोटर ऑटोवर सुरू झाली. सकाळी कळलं, पाइप निखळलेला होता आणि रातभर पाणी शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये गेलं. काकाजी चहा घेत माझ्यापाशी बसले.

"तुह्यं ते आटोमॅटिक झालं ना?"

"झालं."

"मंग रातभर काय करून रायला होता?"

मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला आणि शेजाऱ्याच्या सोयाबीनची चौकशी केली.