रॅपर बाईच्या अल्बमवर मत कसं द्यावं

पहिलं पथ्य: अल्बम ऐकू नका. ऐकलात की मत पातळ होतं. पंगतीत पान वाढायच्या आधीच ज्यांना मठ्ठा आंबट असल्याचं कळतं, तशी माणसं या कामाला लागतात. तुमच्यात ते गुण आहेत. फक्त थोडा सराव हवा.

सरावाला अमेरिकन रॅपर आणि गायिका लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ घ्या. 25 ऑगस्ट 1998 ला आला, तेव्हा पोरगी 23 वर्षांची. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात 4 लाख 22 हजारांवर प्रती गेल्या आणि बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत थेट पहिला नंबर. आकड्याला दबू नका. चहाचा कप खाली ठेवा आणि सावकाश विचारा, ‘‘पण हे सगळं तिनं स्वतः केलं?’’

हा प्रश्न वाया जात नाही. या अल्बमच्या बाबतीत तर नशीब असं की पुरावाही हाताशी आहे. न्यू आर्क नावाच्या चमूतल्या चौघांनी ‘गाणी रचण्यात आमचाही हात होता, श्रेय मिळालं नाही’ म्हणून अल्बम आल्यावर तीनेक महिन्यांतच दावा लावला, तो 2001 मध्ये कोर्टाबाहेर मिटला. स्टुडिओत रात्री दोनला कुणी कीबोर्डवर सूर धरतं, कुणी ठेका बदलतं, कुणी ओळ सुचवतं. कागद कुणी करत नाही आणि मग भांडण होतं. वादकाचं श्रेय वादकाला मिळालंच पाहिजे, यात विनोद काही नाही. पण तुम्हाला वादकांशी काय देणंघेणं? त्या चौघांपैकी एकाचं नाव सांगा बरं. नाही ना येत? छान. यायलाही नको. तुम्हाला ते चौघं फक्त ‘तिनं केलं नाही’ एवढं म्हणण्यापुरतेच हवेत.

कुणी म्हणेल, पुरुषांनाही हा प्रश्न विचारतात. विचारतात की. 2015 मध्ये मीक मिल या रॅपरनं ड्रेक या दुसऱ्या रॅपरवर ‘हा दुसऱ्याकडून लिहून घेतो’ असा जाहीर आरोप केला. ड्रेकनं आठवडाभरात त्याला झोडणारी दोन गाणी काढली आणि त्यातल्या दुसऱ्या गाण्याला ग्रॅमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्काराचं, नामांकन मिळालं. दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत, एकीकडे कोर्ट, दुसरीकडे नुसतीच शिवीगाळ, पण एवढ्या तपशिलात आपण शिरत नसतो.

यानंतर घरात शिरा. अल्बममधली काही गाणी जमैकात किंग्स्टनच्या टफ गाँग स्टुडिओत झाली. तो स्टुडिओ रेगे गायक बॉब मार्लीचा, आणि लॉरिनचा तेव्हाचा जोडीदार रोहन हा बॉब मार्लीचा मुलगा. म्हणजे सासरचाच म्हणायचा की! बाकीचं तुम्हाला सांगायला नको, दोन पिढ्यांच्या हळदीकुंकवाचा अनुभव तुमच्या पाठीशी आहे. शिवाय 1997 मध्ये तिला पहिला मुलगा झाला, झायन. करिअरच्या ऐन भरात मूल कशाला, असं सांगणाऱ्या शहाण्यांबद्दल तिनं अख्खं गाणंच केलंय, ‘टू झायन’. त्यात गिटार कार्लोस सान्तानाचं. गाणं ऐकू नका (पथ्य आठवा), फक्त एवढं म्हणा की मुलाबाळांच्या भानगडीत बायकांचं लक्ष उडतं. तिनं अल्बम त्याच वर्षभरात पुरा केला, ही बारीकशी अडचण आहे. ती गिळा.

आता ग्रॅमी. फेब्रुवारी 1999, लॉस एंजेलिस. दहा नामांकनं, पाच पुरस्कार, आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बम. हा मान मिळालेला पहिला हिपहॉप अल्बम. इथं तुम्ही चाचपडाल. चाचपडू नका, कारण परीक्षकांनीच तुमचं काम करून ठेवलंय. उरलेल्या चारांतले तीन पुरस्कार आर अँड बी, म्हणजे रॅपपेक्षा गाण्यावर भर असलेल्या, गटातले. रॅपमधला एकही नाही. ‘लॉस्ट वन्स’ला एकल रॅपचं नामांकन होतं, तो पुरस्कार विल स्मिथ घेऊन गेला. तेव्हा ठामपणे सांगा, ‘‘ती गाते छान, पण रॅप म्हणाल तर...’’ आणि वाक्य तिथंच सोडा. सोडलेल्या वाक्याला पुरावा लागत नाही.

चौथा पुरस्कार तर बहारीचा: सर्वोत्तम नवोदित. ही नवोदित बाई दोनच वर्षांपूर्वी फ्युजीज या त्रिकुटाबरोबर सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेली होती. आपल्याकडे वीस वर्षं भाजी-आमटी करणारीला पाहुणे विचारतात, ‘‘अरे वा, तुम्हालाही येतं का?’’ तसलंच हे कौतुक.

जाता जाता बाकीच्यांचंही बघून घ्या. एका वेळी एकच राणी, हा नियम पक्का धरा. 2018 मध्ये एप्रिलमध्ये कार्डी बी या रॅपर बाईचा अल्बम आला, ऑगस्टमध्ये निकी मिनाज या दुसरीचा. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एका पार्टीत कार्डीनं निकीच्या दिशेनं बूट भिरकावला. तुम्ही दोन्ही अल्बम बाजूला ठेवा आणि बुटाचं परीक्षण लिहा. पुढच्या वर्षी सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी कार्डीला मिळालं. एकट्या बाईला ते मिळण्याची पहिलीच वेळ, पण बूट जास्त लक्षात राहतो.

परत लॉरिनकडे येऊ, कारण खरं हत्यार अजून काढलेलं नाही. ‘‘पुढचा कुठंय?’’ 1998 नंतर तिचा दुसरा एकल स्टुडिओ अल्बम नाही. 2001 मध्ये फक्त गिटार घेऊन बसलेली एक मैफल ध्वनिमुद्रित झाली, तीत ती बोलली फार आणि रडलीही, म्हणून ती मोजायची नाही. 2013 मध्ये करप्रकरणी तिनं तीन महिने तुरुंगात काढले, ते मात्र मोजायचं. कार्यक्रमांना ती उशिरा येते, आणि इथं मी तुमच्या बाजूनं आहे. तिकीट काढून दोन-दोन तास ताटकळलेल्या माणसाला कलेची महती कुणी सांगू नये. पण म्हणून 2021 मध्ये एकट्या अमेरिकेत एक कोटीचा टप्पा ओलांडलेल्या अल्बमला ‘अपुरं राहिलेलं काम’ म्हणायचं धैर्य सगळ्यांना जमत नाही. तुम्हाला जमेल.

अल्बम सुरू होतो तो शाळेच्या घंटेनं. मास्तर हजेरी घेतात. (हे मास्तर म्हणजे रास बराका, पुढं 2014 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराचे महापौर झाले.) एकेक पोर ‘हजर’ म्हणतं. मग नाव पुकारलं जातं, लॉरिन हिल. उत्तर नाही. पुन्हा, लॉरिन हिल. पुन्हा एकदा. वर्ग गप्प. तुम्ही गेली पंचवीसहून जास्त वर्षं तीच हजेरी घेताय, पेन उघडून, गैरहजेरीचा शेरा मारायला तयार.

त्यानंतर लगेच दुसरं गाणं लागतं आणि ती बोलायला लागते. पण ते तुम्हाला कुठून माहीत असणार, पथ्य पाळलंय ना.